इजा : मध्यम

अर्जाच्या सातव्या रकान्यात चार पर्याय होते.
मी तिसऱ्यावर खूण केली,
आणि पेन बराच वेळ तिथेच टेकलेलं राहिलं.

वॉर्डात त्या आठवड्यात दोन स्टेइनुन एगिल्सदोत्तिर होत्या.
आमच्याकडे आडनावं नसतात, बापाचं नाव लागतं,
आणि या खाडीकाठी एगिल पुष्कळ होऊन गेले.
एक खिडकीपाशी, तापाने फणफणलेली.
एक दाराशी, मूत्रपिंडं थकलेली, जीभ मात्र तिखट.
जेंटामायसिन खिडकीवालीचं.
चिकटलं दोघींच्या कागदांना.
तीन रात्री मी ते दारापाशीही सोडलं,
नाव वाचून, नाव उच्चारून,
ती "हो, मीच ती" म्हणाल्यावर.
नावाखाली जन्मक्रमांक होता. तो मी वाचला नाही.

ऐकू येतं तिला. गेला तो तोल.
कानाच्या आत, खोल, केसांहून बारीक काहीतरी असतं,
त्याच्या भरवशावर माणूस उभं राहतं.
आता ती डोळ्यांनी उभी राहते.
उजेड असेल तर.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात.
म्हणणाऱ्याने इसाफ्योर्दुरचा हिवाळा पाहिलेला नाही.
इथे नोव्हेंबर सरता सरता सूर्य डोंगराआड जातो
आणि जानेवारी संपत आला की तोंड दाखवतो.
तोवर स्टेइनुन
भिंत, दार, कपाट, भिंत
अशी स्वयंपाकघरापर्यंत जाते.

ओड्डुर डॉक्टर वाईट माणूस नाही.
म्हणाला, "वय झालंय तिचं, तोल जायचाच.
गाव एवढंसं. लिहायलाच हवं का?"
झाकली मूठ सव्वा लाखाची.
माझी मूठ दोन वर्षं झाकलेली होती.
दोन वर्षांपूर्वी, दोन थोरार्ना, गोळ्यांची एकच वाटी,
ओठांशी गेलेली मीच मागे घेतली होती.
कुणाचं काही बिघडलं नाही.
कॉफीच्या वेळी तो किस्सा सांगून मी सगळ्यांना हसवलं.
कागदावर एक ओळ नाही.

तीही ओळ आता लिहिली. आधी ती, मग ही.

मग तिला सांगायला गेले. घरी नव्हती.
पोहण्याच्या तलावावर, गरम पाण्याच्या कुंडात
कठडा दोन्ही हातांनी धरून बसली होती.
वाफेत बसून मी अर्ज वाचून दाखवला.
"मध्यम?" ती म्हणाली.
शेजारचा मच्छीमार उठून निघून गेला.

"लिही," म्हणाली.
"डोकं धुताना डोळे मिटता येत नाहीत.
साबण झोंबतो, तरी उघडे ठेवते. लिही.
चालताना समोरचा डोंगर उड्या मारतो.
बेरी वेचायला चढावर गेले नाही यंदा,
बरण्या रिकाम्या. लिही, बरण्या सतरा.
रात्री जिन्यातला दिवा मालवायचा नाही...
हे नको लिहूस, हे नवऱ्याला सांगायचंय."
माझ्याकडे पेन नव्हतं. ओलं अंग, पाठ केलं.

जाताना म्हणाली, "नाव फार छान उच्चारतेस तू.
तेवढ्यावरच भागवलंस."
माफ केलंस का, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

औषधविभागातल्या ब्रिंयारने रकान्याखाली
तिचा कागद डिंकाने जोडला, सतरा बरण्यांसकट.
मग वॉर्डात पिवळी पट्टी आली, एक नियम आला,
ओड्डुर कुरकुरला, आणि पहिली सही त्याचीच.

मार्चमध्ये नवी नर्स, व्हिओलेटा, पोलंडची,
कुंडातलं बोलणं तिला माहीत नाही, बरण्या माहीत नाहीत.
सिरिंज भरून उभी. म्हाताऱ्याला म्हणते,
"क्रमांकाचे शेवटचे चार आकडे?"
"पोरी, मला अख्खं गाव ओळखतं."
"ओळखत असेल. तरी सांगा."

तो धुसफुसत एकेक आकडा सांगू लागला.
मी दाराबाहेर, हातात ट्रे,
चौथा येईपर्यंत हलले नाही.